तुरीचे पोते आणि शाश्वत शेती

सेंद्रिय मालाला गिऱ्हाईक मिळाले की शाश्वत शेती आपोआप वाढेल, हे मत मला अपुरे वाटते. परवा वाशीच्या दाणा मार्केटात एका गाळ्यावर लातूरच्या तुरीशेजारी मोझांबिकच्या तुरीचे पोते उघडे होते. व्यापाऱ्याने दोन्ही दाणे तळहातावर घेऊन दाखवले, तरी मला फरक ओळखता आला नाही. (वरणात तर तो मुळीच कळत नाही.) तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, त्यामुळे युरिया कमी लागतो, आणि मुळे खोल जात असल्याने पावसाची ओढही हे पीक बऱ्यापैकी सोसते; म्हणजे शाश्वत शेतीला ते साजेसेच. तरीही २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळ आयातीचा करार केला, त्याच हंगामात इथे भरघोस पीक आले आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरले. खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या. गहू-तांदळासारखी हुकमी सरकारी खरेदी कडधान्यांना वर्षानुवर्षे नव्हती, म्हणून पाणी हाती आले की शेतकरी उसाकडे वळत आला, आणि त्याला दोष देणे मला तरी जमत नाही. आयातीचे धोरण निदान पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि काढणीपर्यंत बदलू नये, एवढी मागणी सेंद्रिय प्रमाणपत्राआधी करायला हवी.