'मला बोलला' की 'माझ्याशी बोलला'?

पाटीपेन्सिल :
शिक्षकांसाठी 'मुलांशी बोलावं कसं' अशी एक छोटी कार्यशाळा घेतो. सरावासाठी वाक्य दिलं होतं : 'बाबा मला बोलले, म्हणून मी जेवलो नाही.' मुलाला काय वाटलं असेल ते लिहायचं. साताऱ्याकडच्या शिक्षकांनी लगेच लिहायला घेतलं. मुंबईच्या दोघी म्हणाल्या, 'सर, वाक्य अर्धवट राहिलंय. काय बोलले ते कुठंय?'

प्रश्न दोन आहेत. 'मला बोलला' याचा प्रमाण मराठीतला अर्थ कोणता? आणि 'इंटरपर्सनल कम्युनिकेशन'ला पुस्तकात 'आंतरव्यक्तिक संज्ञापन' असतं, ते वर्गात उच्चारायचा धीर होत नाही. दुसरं काही सुचतं का?

लोकल ९.०७ :
आम्ही लहानपणापासून 'मी तिला बोलली, तू पुढे हो' असंच बोलतो. कुणी कुणावर रागावलेलं नसतं. पुण्यात पाय ठेवला की 'बोलली नाही, म्हणाली' अशी दुरुस्ती सुरू होते. सवय झालीय आता.

व्याकरणवेल्हाळ :
प्रमाण मराठीत ज्याच्याबरोबर बोलायचं त्याला 'शी' लागतो : माझ्याशी बोलला. शब्द उद्धृत करायचे तर 'म्हणाला'. माहिती किंवा हुकूम पोचवायचा तर 'सांगितलं'. या तिघांत 'मला बोलला' बसतच नाही, म्हणून त्याला वेगळा अर्थ मिळाला : रागावला, टाकून बोलला. 'सासू तिला बोलते' या वाक्यात काय बोलते हे कुणी विचारत नाही. मुंबईत 'बोलणे' हेच 'म्हणणे'चं काम करतं, त्यामुळे तिथे हा अर्थ मागे पडला. त्याला चूक म्हणण्यापेक्षा त्या शहराची बोली म्हणावं. शेजारी हिंदीतलं 'मुझे बोला' आहेच.

आता जरा विषयांतर, पण तुमच्या कार्यशाळेला उपयोगी पडेल. संवादाचे अभ्यासक पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये संवादाची काही मूलतत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं की प्रत्येक बोलण्याला दोन थर असतात : एक मजकुराचा आणि दुसरा नात्याचा. 'दार लाव' हा मजकूर. तो कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणतोय, त्यावरून दोघांपैकी कोण वर आणि कोण खाली ते ठरतं. आणखी एक तत्त्व असं की देवाणघेवाण कधी बरोबरीची असते, कधी एकाने वरून बोलायची आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायची. मराठीत हा फरक प्रत्ययातच दिसतो. 'शी' लावला की दोघं समोरासमोर बसलेले. 'ला' लावला की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या अंगावर आलेलं. मजकूर काय होता ते कळायच्या आत नातं कळतं. तुमच्या मुंबईच्या बाईंना मजकूर हवा होता, सातारकरांना नातं कळलं आणि पुरलं.

वऱ्हाडी ठेचा :
आमच्याकडे 'तो मले बोलून राह्यला होता' म्हणजे झापतच होता. शंका नाही.

मांडवीकाठ :
गोव्यात भांडण झालं की 'तो म्हजेकडेन उलयना' म्हणतात. 'शी' नाही, 'कडेन'. माझ्या बाजूला, माझ्या जवळ असा काहीसा भाव त्यात आहे. आणि 'कितें म्हणटा?' असं कुणी विचारलं तर खरंच काय म्हणताय ते सांगत बसू नये. ती नुसती ख्यालीखुशाली.

घाटमाथा :
मराठीतलं 'काय म्हणतोस?' तेच. उत्तर 'काही नाही, मजेत' एवढंच, मग नोकरी सुटलेली असो की गुडघे दुखत असोत. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं होतं. विचार पोचवणं हा त्याचा हेतूच नसतो, माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणून ते बोलायचं. 'कुणीकडे निघालात?' यालासुद्धा पत्ता द्यायचा नसतो. 'इथंच जरा' म्हटलं की दोघंही सुटले.

मला मात्र तुमचा दुसरा प्रश्न मोठा वाटतो. 'संज्ञापन' विद्यापीठापुरतं ठीक आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाच्या नावात ते आहे आणि तिथे शोभतं. 'संवाद' आता इतका ताणला गेलाय की मंत्री तासभर एकटेच बोलतात आणि त्यालाही 'जनतेशी संवाद' म्हणतात. त्यापेक्षा 'बोलणे'चं गणगोत बघा. विल्यम शुट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1958 मध्ये माणसाच्या इतरांकडून तीन गरजा सांगितल्या : सामावून घेतलं जाणं, थोडाफार ताबा असणं आणि जिव्हाळा मिळणं. आता 'बोलावणं' घ्या. 'बोलणे'चं प्रयोजक रूप, पण अर्थ आमंत्रण. 'आम्हाला बोलावणं नव्हतं' या तक्रारीत जेवणाचा संबंध नसतो. घरी त्याहून चांगलं जेवण असतं. यादीत नाव नव्हतं, दुखणं ते आहे. ताब्याची बाजू 'बोलणी खाणे'त येते. लग्नाच्या 'बोलणी'तही कोण किती वाकणार तेच ठरत असतं. जिव्हाळ्याला 'बोलायला माणूस नाही' हे वाक्य पुरे. घरात पाच जण असले तरी ते खरं असू शकतं.

आणि 'अबोला'. मौन पाळतात, अबोला धरतात. मौनाला समोर कुणी लागत नाही. अबोला कुणाशी तरीच असतो (पुन्हा 'शी'!), आणि त्याला तो कळावा लागतो, नाहीतर धरून उपयोग काय? वाट्झलाविकचं सगळ्यात गाजलेलं तत्त्व हेच आहे : माणसाला काहीच न कळवता राहता येत नाही, गप्प बसणंही काहीतरी सांगतं. आपल्याकडे हे शाळकरी पोरांना कट्टी घेतानाच ठाऊक असतं. 'चहा झालाय असं सांग त्यांना' हे मुलामार्फत नवऱ्याला, नवरा समोर बसलेला असताना, ज्यांनी ऐकलंय त्यांना हा सिद्धांत वेगळा शिकवायला नको.

मांडवीकाठ :
तुम्ही गोड उदाहरणं घेतलीत. 'वाळीत टाकणे' राहिलं. हा 'वाळणे' कपडे वाळण्यातला नव्हे. जुन्या मराठीत टाकून देणे, बहिष्कृत करणे या अर्थाचं सकर्मक क्रियापद होतं, त्याचं हे उरलेलं रूप. गावाने धरलेला अबोला म्हणावं, तर शब्द फार सौम्य पडतो. दुकानदार माल देत नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. अंगाला कुणी हात लावत नाही आणि माणूस मोडतो. महाराष्ट्राला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, 2016 चा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सामावून घेतलं जाणं ही 'गरज' आहे की नुसती हौस, असं कार्यशाळेत कुणी विचारलं तर हे सांगा.

घाटमाथा :
मान्य. ते मी विसरायला नको होतं.

पाटीपेन्सिल :
बरंच हाती लागलं. सरावाचं वाक्य तसंच ठेवतो आणि आधी दोन्ही अर्थ शिक्षकांकडूनच काढून घेतो. शीर्षक 'माणसामाणसांतलं बोलणं'. त्यात देहबोली, हावभाव येत नाहीत असा आक्षेप येईल, पण 'अबोला' आत घेतल्यावर तो आपोआप पडतो. शुट्झच्या गरजांना 'सामावणं, चलती, जिव्हाळा' असं म्हणू का? 'नियंत्रण' म्हटलं की लोकांना कुटुंबनियोजन आठवतं. 'चलती'त 'घरात माझं काही चालतं का' हा सूर आहे.

व्याकरणवेल्हाळ :
'चलती' बाजारातली वाटते. 'चालणं' ठेवा. 'माझं चालत नाही' हे सगळ्यांना कळतं.

लोकल ९.०७ :
एक शंका. 'शी' बरोबरीचा, 'ला' वरून खाली, हे ऐकायला छान आहे. पण साहेबांचा 'तुमच्याशी जरा बोलायचंय' असा निरोप आला की पोटात गोळा येतो. तिथे बरोबरी कुठे असते?

व्याकरणवेल्हाळ :
तो गोळा 'जरा'मुळे. 'जरा'साठी वेगळा धागा काढा.