एकाच विद्यार्थ्याला शिकवणारे प्राध्यापक एकमेकांशी बोलतात का?

त्रिज्या (धागाकर्ती)
मी विद्यापीठात गणित शिकवते. गोलीय निर्देशांकांत, म्हणजे एक अंतर आणि दोन कोन देऊन बिंदूची जागा सांगताना, आमच्या बऱ्याच पुस्तकांत थीटा हा आडव्या प्रतलातला कोन आणि फाय उभ्या अक्षापासूनचा. तीच मुलं पुढच्या तासाला भौतिकशास्त्राला जातात, तिथे ही दोन अक्षरं उलटी. विद्युत अभियांत्रिकीत तर काल्पनिक एकक, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, 'आय' नाही, 'जे'. कारण 'आय' विद्युतप्रवाहाकडे गेलेला. हे मुलांना कोणी सांगत नाही, कारण शेजारच्या वर्गात काय चालतं ते आम्हालाच ठाऊक नसतं. मग मूल अडखळलं की 'पाया कच्चा' म्हणून आम्ही मोकळे. सत्र सुरू होण्याआधी सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रानवाट
असहमत. बसायचं कोणी? हंगामी शिक्षकांनी? त्यांना पैसे वर्गातल्या तासांचे मिळतात. कायम असणाऱ्यांची बढती शोधनिबंधांवर ठरते. बैठका कार्यभारात धरत नाहीत तोवर हे फुकट राबवून घेणंच आहे.

जुनीवही
माझा आक्षेप वेगळा. मी इतिहास शिकवतो. पर्यावरणावरच्या एका संयुक्त अभ्यासक्रमात आम्ही तिघे होतो. प्रत्येकाने आपापली व्याख्यानं दिली आणि निघून गेला. मुलांच्या हाती तीन विषयांची तोंडओळख आली, खोली एकाचीही नाही.

अक्षांश
@जुनीवही, याला सहकार्य कसं म्हणायचं? ही तर वाटणी झाली. अमेरिकेतलं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये सुरू झालं, तिथली पद्धत बघा. विद्यार्थी एका वेळी एकच मोठा कार्यक्रम घेतो आणि वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक मिळून तो आखतात, शिकवतात. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाने १९६९ पासून रुग्णाची समस्या मध्यभागी ठेवली. शरीररचना, औषधशास्त्र वगैरे तिच्याभोवती येतात.

रानवाट
दोन्ही संस्था पहिल्या दिवसापासून तशाच उभारलेल्या. जुन्या विद्यापीठात प्रत्येक विभागाचं अंदाजपत्रक वेगळं, वेळापत्रक वेगळं. तिथे काय करणार?

त्रिज्या
@रानवाट, तासांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, ते कार्यभारात यायलाच हवेत. पण त्यासाठी अख्खं विद्यापीठ बदलावं लागत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात एक गणितज्ञ आणि एक भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून सदिश कलनासाठी (व्हेक्टर कॅल्क्युलस) गटात सोडवायचे प्रश्न तयार केले. दोन माणसं, एक विषय. आणि खोली जाते म्हणता? आमच्याकडे सफाईने विकलन (डिफरन्सिएशन) करणारी मुलं 'तापमान स्थिर ठेवून आकारमानानुसार दाब कसा बदलतो' असं विचारलं की थबकतात. असं इतर विषयांपासून तुटून शिकलेलं गणित मला तरी खोल वाटत नाही.

जुनीवही
मग गुणांचं सांगा. एका विद्यार्थ्याने तीन जुन्या पत्रांवरून एका संपूर्ण काळाबद्दल विधान केलं. पत्रांचं वाचन इतकं बारीक होतं की मी १० पैकी ८ दिले. सांख्यिकीच्या सहकाऱ्याने ४ दिले. तीन पत्रांवरून एवढं मोठं विधान करता येत नाही म्हणाला. पोराने कोणाचं ऐकायचं?

त्रिज्या
दोघांचं. दोघांनी आपली कारणं त्याच निबंधावर लिहावीत आणि त्याला तो पुन्हा लिहू द्यावा. हा वाद त्याला एकट्या शिक्षकाच्या वर्गात कुठे ऐकायला मिळाला असता?

जुनीवही
पुन्हा लिहून घेणं पटलं. पण गुणपत्रिकेत आकडा एकच जातो. तो कोणाचा, हे सत्राआधी लेखी ठरणार असेल तरच मी येईन.