जुन्या चित्रांतला वादक खरोखर वेडा आहे का?

धागाकर्ता
सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय चित्रकारांनी रोजच्या जगण्याचे जे प्रसंग रंगवले, त्यांत वादक दिसला की आपण त्याच्या चेहऱ्यावर लगेच प्रतिभेचे वेड शोधू लागतो. माझ्या मते ते वेड तिथे नसतेच. ते पुढच्या शतकाने आपल्याला शिकवले. डच चित्रकार फ्रान्स हाल्सचा १६२३-२४ च्या सुमाराचा ल्यूटवादक (ल्यूट म्हणजे एक जुने तंतुवाद्य) विदूषकी पोशाखात खट्याळ हसतो. तो झपाटलेला मुळीच नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरच्या ‘वादकांचे भांडण’ या चित्रात तर रस्त्यावरचे दोन वादक हातघाईवर आले असून एक जण दुसऱ्याच्या डोळ्यांवर लिंबू पिळतो आहे. याचे आंधळेपण खरे की भिकेसाठी घेतलेले सोंग, हे त्याला उघडे पाडायचे आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पोटासाठी चाललेल्या या झटापटीला उन्माद म्हणणे मला त्या माणसांवर अन्याय करणारे वाटते.

प्रतिसाद १
आपली उदाहरणे चोख आहेत, पण निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. प्रतिभा आणि विषण्णता यांचे नाते एकोणिसाव्या शतकाच्या कितीतरी आधीचे आहे. तत्त्वज्ञान, काव्य आणि कलांत श्रेष्ठ ठरलेली माणसे विषण्ण प्रकृतीची का असतात, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथात आहे; इटालियन तत्त्वज्ञ फिचिनोने १४८९ मध्ये विद्वानांच्या विषण्णतेवर विस्ताराने लिहिले आणि जर्मन चित्रकार ड्यूररने १५१४ मध्ये ती ताम्रपटावर कोरली. या परंपरेनंतर इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची चित्रमालिका पाहावी. १७३५ च्या मुद्राचित्रांतील शेवटचे दृश्य लंडनच्या बेडलम वेड्यांच्या इस्पितळातले आहे, आणि तिथे एक व्हायोलिनवादक आहे. त्याच दालनात एक रुग्ण भिंतीवर रेखांशाचे कोडे, म्हणजे भर समुद्रात जहाजाचे रेखांश कसे ओळखायचे हा प्रश्न, सोडवत बसला आहे. हे कोडे सोडवणाऱ्यास ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते, म्हणजे त्याचा ध्यास साऱ्या देशाचा होता. ध्यासाने माणूस हरवतो, हेच होगार्थ वादकाबद्दलही सांगतो.

धागाकर्ता
त्या वादकाकडे जरा जवळून पाहावे, ही विनंती. त्याने स्वरलिपीचे पुस्तक डोक्यावर ठेवले आहे. जे डोळ्यांपुढे हवे, ते त्याने टोपीसारखे मिरवले आहे. त्याच्याच आसपास स्वतःला पोप समजणारा, राजा समजणारा आणि एक वेडा शिंपीही आहे. निर्मितीच्या ध्यासाने वेड लागते असे होगार्थला म्हणायचे असते, तर शिंपी आणि राजा तिथे कशाला आले असते? शिवाय मौज म्हणून हे पाहायला आलेल्या दोन उच्चभ्रू स्त्रिया त्याने मुद्दाम रंगवल्या आहेत. त्याचा रोख मला त्या पाहणाऱ्यांवर अधिक दिसतो.

प्रतिसाद २
आपण दोघेही बेडलममध्येच अडकलात. होगार्थचे १७४१ चे ‘संतापलेला संगीतकार’ हे मुद्राचित्र या वादात आलेच पाहिजे. खिडकीत उंची पोशाखातला वादक कान दाबून उभा आहे आणि खाली गाणी विकणारी बाई, दूधवाली, ढोल बडवणारा पोरगा, धार लावणारा, शिंग फुंकणारा असा सगळा रस्ता आपापल्या आवाजात रमला आहे. भिंतीवर ‘द बेगर्स ऑपेरा’ या १७२८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांच्या चालींवर रचलेल्या लोकप्रिय संगीत नाटकाची जाहिरात आहे. त्यामुळे त्या वादकाच्या संतापाला प्रतिभा किंवा आजार म्हणण्यापेक्षा, दरबारी अभिरुची आणि रस्त्यावरची गाणी यांचा तो सामना आहे, असे मी मानतो.

प्रतिसाद १
सामना आहे हे खरे, पण रस्त्यातले सारे आपल्या आवाजात सुखी असताना कान दाबावे लागतात ते एकट्या संगीतकारालाच. हा हळवेपणा त्याच्या कलेनेच त्याला दिला आहे. तो वेडा नसेल. वेडाच्या उंबरठ्यावर होगार्थने त्याला नक्कीच आणून उभे केले आहे, आणि म्हणून धागाकर्त्यांचे ‘तिथे नसतेच’ हे विधान मला टिकणारे वाटत नाही.