तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला घरी मराठी वाचायला शिकवावे का?

पाटीपेन्सिल

आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि येत्या जूनपासून ती इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जाऊ लागेल. तिला आत्तापासूनच घरी मराठी वाचायला शिकवावे असे माझे ठाम मत आहे. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांचा त्याला विरोध असल्यामुळे हा विषय येथे मांडत आहे.

इंग्रजी माध्यमात मुलाच्या हाती आधी रोमन अक्षरे पडतात. देवनागरी नंतर येते आणि तीही एक ‘विषय’ म्हणून, गृहपाठ आणि गुणांसकट येते. मूल घरात दिवसभर मराठी बोलत असते, पण छापील मजकूर म्हटला की तो इंग्रजीच असणार, अशी त्याची समजूत पक्की होते. सातवी-आठवीतली कितीतरी मुले मराठी फर्डे बोलतात, मात्र मराठी पुस्तकाचे एक पान वाचताना धापा टाकतात. याचे मूळ या उलट्या क्रमात आहे, असे मला वाटते.

शिवाय आपली लिपी लहान मुलाला अनुकूल आहे. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि शब्दातला उच्चार दुसरा, अशी अडचण आपल्याकडे फारशी नाही. ‘ग म भ न’ ही जुन्या बालवाड्यांतली चौकडी पाहा. ही अक्षरे वळणाने सोपी आणि एकमेकांजवळची आहेत. एवढ्यातच मग, मन, नभ, नग, गगन, नमन असे खरे शब्द तयार होतात. एकही मात्रा न शिकता मूल अर्थपूर्ण शब्द वाचू शकते. मग सहाव्या वर्षापर्यंत थांबायचे कशासाठी?

अंगणवाडीताई

आपली कळकळ मला समजते आणि माध्यमाबद्दलचे आपले निरीक्षण खरे आहे. तरीही साडेतीन वर्षांच्या वयात अक्षरओळख करून देण्याची घाई करू नये, असे मी बालशिक्षणात काम करणारी व्यक्ती म्हणून आग्रहाने सांगेन.

पहिली गोष्ट म्हणजे, अक्षर ओळखणे आणि वाचणे यांत मोठे अंतर आहे. कार्डांवर मोठ्या अक्षरांत शब्द दाखवून तान्ह्या मुलांना वाचायला शिकवण्याची पद्धत ग्लेन डोमन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत लोकप्रिय केली आणि पुढे त्याच धर्तीच्या चित्रफितींचा मोठा बाजार उभा राहिला. अशा साहित्याची सुझन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी घेतली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ ते अठरा महिन्यांच्या मुलांना सात महिने हे साहित्य देऊनही ती वाचायला शिकली नाहीत. पालकांना मात्र आपले मूल शिकले आहे असेच वाटत होते. मला यातला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाने कार्ड पाहून शब्द म्हटला की आपण हरखून जातो, आणि त्याने तो अक्षरांवरून वाचला की कार्डाच्या चित्रावरून, रंगावरून आठवला, हे तपासायचे आपल्याला सुचतही नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. ‘ग म भ न’ हा उंबरठा सोपा आहे, पण आतले घर मोठे आहे. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तरी चारशेच्या वर आकार होतात आणि जोडाक्षरे वेगळीच. ‘किती’ हा साधा शब्द घ्या. पहिली वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते, पण डोळ्यांना ती ‘क’च्या आधी दिसते, आणि लगेच पुढच्याच अक्षरात दुसरी वेलांटी नंतर येते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक इतका बारीक आहे की पहिलीतली मुलेही अडखळतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातूनही दिसले आहे की अशा लिपीतली सर्व अक्षरे आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात.

या वयात खरे काम आहे ते बोलण्याचे. ‘कमळ’ या शब्दाची सुरुवात कोणत्या आवाजाने होते, ‘पाणी’ आणि ‘राणी’ यांत सारखे काय ऐकू येते, हे ज्याच्या कानाला कळते त्याला पुढे अक्षर पटकन कळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जी बालवाडी उभारली, तिच्यात गाणी, गोष्टी, स्वच्छता, परिसरातल्या वस्तू हे सगळे आधी होते. पाटी नंतर होती.

पाटीपेन्सिल

ताई, आपण खोडून काढत आहात ती पद्धत मी सुचवलेलीच नाही. तान्ह्या मुलांना कार्डे दाखवण्याचे समर्थन मीही करणार नाही. माझा प्रश्न साडेतीन-चार वर्षांच्या, स्वतःहून विचारणाऱ्या मुलांबद्दल आहे.

मुलगी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारते. ‘रवा’ची चिठ्ठी तिने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पुडीवरच्या ‘खाकरा’ या शब्दावर बोट ठेवून ती ‘रवा’ म्हणाली. चूक होती, पण ‘र’ आणि ‘व’ जवळ आले की ‘ख’सारखे दिसतात, हे तिच्या डोळ्यांनी टिपले होते. अशा मुलाला ‘तुझे वय झाले नाही’ म्हणून गप्प करायचे का?

ज्या अमेरिकेतल्या चाचणीचा आपण दाखला दिला, तिथलाच दुसरा अभ्यास पाहा. डोलोरेस डर्किन यांनी शाळेत जाण्यापूर्वीच घरी वाचायला शिकलेल्या मुलांचा मागोवा घेतला आणि १९६६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या मुलांची आघाडी पुढील काही वर्षांतही टिकून राहिली. त्यांच्या घरी कोणी शिकवणी लावली नव्हती. मुलांनी विचारले की मोठ्यांनी उत्तर दिले, एवढेच.

न्यू जर्सीकर

आमच्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार होतो. पुण्या-नाशिकच्या मुलाला बसची पाटी, दुकानाचा फलक, वर्तमानपत्र असे काही ना काही मराठीत दिसत असते. आमच्या मुलांना घराबाहेर देवनागरीचे एक अक्षरही दिसत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा भरतात आणि तिथे येईपर्यंत इंग्रजी वाचन बहुधा सुरू झालेले असते. मग मुलाला मराठीची अक्षरे म्हणजे वरचे ओझे वाटतात. म्हणून मी पाटीपेन्सिल यांच्या बाजूचा आहे.

एक व्यावहारिक सूचना करतो. बाजारातल्या तक्त्यांवर आणि मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, तर महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवलेले पाकळीचे ‘ल’ आणि देठाचे ‘श’ वेगळे दिसतात. मुलाला दोन्ही एकदम दाखवू नका. घरी एकच वळण पक्के करा.

अंगणवाडीताई

डर्किन यांच्या अभ्यासाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा. जी मुले स्वतःहून विचारत होती ती आधीपासूनच वेगळी होती. त्यांची आघाडी टिकली म्हणून कुठल्याही मुलाला लवकर शिकवले की आघाडी मिळते, असे सिद्ध होत नाही. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अकरा वर्षांपर्यंत दोन्ही गट वाचनात सारखेच आलेले दिसले.

मूल विचारते आहे तर उत्तर जरूर द्यावे. डब्यावर बोट ठेवले तर ‘रवा’ म्हणावे. माझा विरोध आहे तो रोजचा ठरलेला वेळ, पाटीवर गिरवायला लावणे, पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव’ म्हणणे, यांना. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरण्याइतकी ताकद आणि नेमकेपणा अजून आलेला नसतो. वाचनाच्या नावाखाली लेखनाची सक्ती होते आणि मूल दोन्हींपासून दूर पळते.

पाटीपेन्सिल

गिरवण्याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि पाहुण्यांसमोर पाठांतर म्हणवून घेणे मलाही अजिबात पसंत नाही. ठरलेल्या वेळेबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात संध्याकाळची दहा-पंधरा मिनिटे ठरवली नाहीत, तर ती मोबाइलला जातात. त्या वेळात गोष्ट वाचायची, गोष्टीतल्या एका शब्दावर बोट ठेवायचे आणि तिने विचारले तरच पुढे जायचे, एवढेच मी करणार आहे. मात्रा मी स्वतःहून शिकवणार नाही. पण ‘मामा’ आणि ‘मम’ यांत काय फरक आहे असे तिने विचारले, तर काना दाखवायचा की पहिलीपर्यंत थांबायचे, याचे उत्तर आपण द्यावे, कारण तो प्रश्न ती या आठवड्यात विचारेल असे मला दिसते आहे.

अंगणवाडीताई

काना दाखवा. वेलांटीला मात्र हात लावू नका. ‘मामा’, ‘काका’, ‘बाबा’, ‘गाणं’ यांत उभी रेघ डोळ्यांना दिसते आणि आवाज कानांना लांब झालेला ऐकू येतो, म्हणून ते मुलाला पटते. तेवढ्यावर काही महिने काढा आणि दरम्यान गोष्टींची संख्या वाढवा, अक्षरांची नको.