रोमनांचं उरलंय काय: पडक्या कमानी, गुलामांचं रक्त की वारसाहक्क?

मांडवीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं की रोमन संस्कृती म्हणजे ग्रीकांची उसनवारी, गुलामांचं रक्त आणि आखाड्यातली कत्तल. आज त्यातलं उरलंय काय, तर पडक्या कमानी आणि पर्यटकांची तिकिटं. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कमानी बाजूला ठेवा. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये रोममध्ये बारा पाट्यांवर कायदा लिहून तो भर चौकात लावला गेला. तोवर कायदा काय आहे हे उमराव घराण्यांतल्या पुरोहितांनाच ठाऊक असे. प्लेबियनांनी, म्हणजे सामान्य नागरिकांनी, भांडून तो उघड्यावर आणायला लावला. तिथपासून इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने डायजेस्ट, म्हणजे कायदेपंडितांच्या मतांचं संकलन, जारी करेपर्यंत जवळपास हजार वर्षं हे लोक चिकाटीने एकच काम करत राहिले: ताबा आणि मालकी यांत फरक काय, करार कधी मोडतो, मेलेल्या माणसाचं कर्ज कुणी फेडायचं. पश्चिमेचं साम्राज्य बुडालं तरी बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात विद्यार्थी तेच डायजेस्ट शिकत होते. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत ते आलं, १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत आलं आणि ती संहिता आमच्या गोव्यात १९६१ नंतरही टिकली.

माझ्या आजोबांना सगळी भाटं (माडांच्या बागा) थोरल्या मुलाला द्यायची होती. नोटरीने सांगितलं, निम्मं तर तुमच्या बायकोचंच आहे. उरलेल्या निम्म्यातलंही अर्धंच तुम्ही मर्जीने देऊ शकता, बाकीचं सगळ्या मुलांचं, मुलींसकट. आजोबा चिडले, पण आत्याला वाटा मिळाला. मुलांसाठी राखीव हिस्सा ठेवायची ही कल्पना रोमन आहे. जस्टिनियनने इ.स. ५३६ मध्ये ठरवून दिलं होतं: चारपर्यंत मुलं असतील तर एक तृतीयांश, त्याहून जास्त असतील तर अर्धी मालमत्ता त्यांची. याला पडकी कमान म्हणायचं?

कातळशिल्प:
कायद्याचं एवढं कौतुक करताय, तर इ.स. ६१ चं प्रकरणही सांगा की. रोमचा नगरप्रमुख पेडॅनियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. नियम असा की मालकाचा खून झाला तर घरातल्या सगळ्या गुलामांना मारायचं. घरात ४०० गुलाम होते, त्यांत बायका आणि पोरंही. सिनेटमध्ये या शिक्षेची बाजू कुणी मांडली? गायस कॅसियस या नामांकित कायदेपंडिताने. शहरातले सामान्य लोक दगड आणि मशाली घेऊन विरोधात उभे राहिले, तेव्हा सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक लावून ती ४०० माणसं मारायला नेली. गुलामाची साक्ष तर छळ केल्याशिवाय ग्राह्यच धरत नसत. तुमच्या डायजेस्टमध्ये याचेही नियम आहेत. ते वगळून वारसाहक्काचं गोड गोड सांगू नका.

सातबारा:
दोघांचंही सोडा. आपल्याकडे कायदा आला इंग्रजांचा, आणि त्यांनी रोमन पद्धत कधी पूर्ण घेतलीच नाही. गोव्याचं श्रेय पोर्तुगालला द्या. बायकोचा निम्मा वाटा तर रोमन नाहीच. रोममध्ये नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी असे, एकमेकांना बक्षीसपत्रसुद्धा चालत नसे.

आणि हे ‘सगळ्या मुलांना वाटा’ प्रकरण शेतीत राबवून बघा. आमची आठ एकर होती. वाटण्या होत होत माझ्याकडे दोन आली. त्यातही बहिणींची नावं लागली तर कर्ज काढायलासुद्धा पाच सह्या लागतात. तुमच्या नोटरीला नांगर धरावा लागत नाही.

मांडवीकाठ:
मी राखीव हिश्श्याला रोमन म्हटलंय, बायकोच्या वाट्याला नाही. पुन्हा वाचा. बायकोचा वाटा पोर्तुगालचा, घ्या.

उत्तरा:
सातबारा, ‘बहिणींची नावं लागली तर’ म्हणजे काय? नावं लागणं हीच अडचण? माझे वडील गेले, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने मला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून ठेवलेलं. आई म्हणाली, सही कर, माहेरची वाट उघडी राहील. मी केली. साडी-चोळी मिळाली. नंतर भावाने त्याच जमिनीतून रस्ता गेल्याची भरपाई घेतली आणि मला कळवलंही नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. कागदावर सगळं आहे. आणि स्वकष्टार्जित असेल तर बाप आजही मृत्युपत्र करून मुलीला एक रुपयाही न देता जाऊ शकतो. मांडवीकाठ यांच्या आजोबांना ते करता आलं नाही. मला रोम, पोर्तुगाल काही घेणं नाही, हा फरक मला पुरेसा आहे.

सातबारा:
ताई, तुमच्या भावाने केलं ते चूक. पण सगळ्या भावांना एका माळेत ओवू नका. आई-वडिलांचं आजारपण मी काढलं, सोसायटीचं कर्ज मी फेडलं, बहिणींच्या लग्नाचंसुद्धा. तेव्हा वाटा मागायला कुणी आलं नाही.

उत्तरा:
कर्ज फेडलंत तर हिशोबात धरा, वजा करा. कोण नाही म्हणतंय? हिशोब मांडायचाच नाही आणि भावनेवर सही घ्यायची, याला माझा विरोध आहे. आणि लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकत आलोय.

मांडवीकाठ:
हिशोबात धरण्याची सोय रोमनांनीही केली होती. हुंडा घेतलेली मुलगी बापाच्या वारशात वाटा मागायला आली, तर तो हुंडा हिशोबात आणावा लागे. आणि मृत्युपत्र नसेल तर बारा पाट्यांप्रमाणे बापाच्या सत्तेखालच्या मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा. अडीच हजार वर्षांपूर्वी, सातबारा.

कातळशिल्प:
आणि इ.स.पू. १६९ चा वोकोनियाचा कायदा? सर्वांत श्रीमंत वर्गातल्या माणसाला मृत्युपत्रात बाईला वारस नेमायला त्यानेच बंदी केली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. शिवाय बाप जिवंत असेतो पन्नाशीच्या मुलाच्या नावावरही काही नसे.

उत्तरा:
बंदी केली तरी बायका गप्प बसल्या नाहीत. इ.स.पू. ४२ मध्ये १४०० श्रीमंत बायकांवर युद्धाचा कर बसवला, तेव्हा त्यांच्यातली हॉर्टेन्सिया फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, जाऊन बोलली: आम्हाला ना पद, ना मत, मग तुमच्या आपसांतल्या युद्धाचा कर आम्ही का भरायचा? शेवटी ४०० जणींवरच कर राहिला. कातळशिल्प, तुम्ही कायद्याच्या चुका मोजताय. मला त्यातून कोण भांडलं हे महत्त्वाचं वाटतं.

पाणीवाटप:
अवांतर होतंय, पण रोमनांची खरी कमाई पाणी आहे. रोम शहराला ११ जलवाहिन्या. इ.स.पू. १९ मधल्या अ‍ॅक्वा व्हर्गोचं पाणी आजही रोममधल्या त्रेवीच्या कारंज्यात पडतं. इ.स. ९७ मध्ये पाण्याचा प्रमुख झालेल्या फ्रंटायनसने लिहून ठेवलंय की कर्मचारीच लाच घेऊन चोरून नळ जोडून देतात. म्हणून जोडणीच्या तोंडाला ठरावीक मापाची, शिक्का मारलेली काशाची नळी सक्तीची होती. आमच्या भागात मुख्य वाहिनीला रात्रीत भोकं पाडतात, सकाळी टँकर तेच पाणी आम्हाला विकतो. तक्रारीला उत्तर, मोजमाप नाही. तुम्ही वारसाहक्कावर भांडा, आम्ही हंडे लावतो.

कातळशिल्प:
पाण्याचं निर्विवाद. त्या वाहिन्या खणल्या कुणी, तेवढं मात्र विसरू नका.

उत्तराताईंचा मुद्दा घेतो, कारण तो मला टाळता येत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या भाषणासाठी, जे त्यांना करूच दिलं नाही, प्लेबियनांचंच उदाहरण घेतलं होतं. त्यांनी लढून आपला कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) मिळवला, पण देवीचा कौल लागायचा आणि कौल देणारे पुरोहित उमरावांचे. म्हणून निवडून यायचा तो मवाळ माणूस. हक्क मिळूनही हातात काही नाही. तुमची ती सही तशीच आहे. रोमचा कायदा थोर होता हे मी म्हणणार नाही. रोममध्ये हक्कासाठी भांडणारे लोक होते, एवढं मान्य.

मांडवीकाठ:
४०० माणसांची बाब माझ्याकडे खोडायला काही नाही. पण त्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोकही रोमनच होते, हे तुम्हीच वर लिहिलंय.

सातबारा:
तुमचं गोव्याचं कौतुक ऐकून थकलो. तिकडे बहिणी सह्या करून देत नाहीत, असं आहे का?

मांडवीकाठ:
देतात. नोटरीसमोर वारसा सोडल्याचा दस्त होतो, आणि दडपण तिथेही असतं. पण बापाला परस्पर सगळं एकाला लिहून देता येत नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचं न्यायालयातलं काम, चालते तेव्हा सगळ्या वारसांची यादी द्यावी लागते आणि प्रत्येकाला नोटीस जाते.

सातबारा:
प्रत्येकाला? परदेशात असेल तरी?

मांडवीकाठ:
प्रत्येकाला.

सातबारा:
हे मात्र आपल्याकडे हवं. फेरफार करताना तलाठ्याने बहिणींना विचारलं असतं, तर माझ्या चुलत्यांची केस न्यायालयात गेली नसती. वाटा द्यावा की नाही, यावर माझं मत तेच आहे.

उत्तरा:
मत तुमचं ठेवा. पण पाच सह्यांची अडचण सांगताय, तर त्या पाचांपैकी बहिणींना तुम्ही स्वतः फोन केलाय का, एवढं इथे लिहा.