अंतराळातल्या लढाईत नायकाचा ताबा सुटतो, ते कागदावर कसं आणायचं?

शाईदौत
२२ पानांची सुपरहीरो कॉमिक, शेवटची ६ पानं लढाईची. जागा चंद्राजवळ, उघड्या अंतराळात. संतापाच्या भरात नायक आपल्याच साथीदारणीला जखमी करतो, एवढं पक्कं आहे. पण कच्च्या रेखाटनात दर चौकटीत तेच: आवळलेले दात, कपाळावरच्या शिरा, मागे लाल रंग. तिसऱ्या पानापर्यंत त्यातला जोर संपतो. शिवाय निर्वातात किंकाळी ऐकू जाणार नाही, मग 'धडाम' वगैरे लिहायचं की नाही? पटकथा आणि चित्र, दोन्ही अंगांनी सांगा.

कक्षा_नऊ
चेहऱ्यावरचा भार कमी करा. ताबा सुटलाय हे कळतं ते त्याला काय दिसेनासं आणि ऐकू येईनासं झालंय त्यावरून. संतापात लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, आजूबाजूचं भान राहत नाही. ताकद वाढल्यासारखी वाटते, पण बारीक कामाला हात साथ देत नाहीत. म्हणून फटके जोरकस आणि नेम चुकलेले दाखवा. साथीदारणीला लागतो तो असाच एक चुकलेला फटका.

निर्वात तर तुमच्या फायद्याचंच आहे. पायाखाली जमीन नाही, त्यामुळे प्रत्येक फेकीचा उलटा धक्का त्यालाच बसतो. १०० किलोच्या नायकाने १० किलोचा दगड सेकंदाला २० मीटर वेगाने भिरकावला, तर तो स्वतः सेकंदाला २ मीटरने मागे जाईल. अडवायला हवा नाही, म्हणजे मिनिटाभरात १२० मीटर. फेक शरीराच्या मध्यातून गेली नाही तर वर गिरकीही बसेल. तो स्वतःच्या शक्तीने उडू शकत असेल तर आधीच्या शांत पानांवर पेरून ठेवा: दगड फेकला की टाचेतून एक छोटा झोत सोडून तो स्वतःला सावरतो. लढाईत तो झोत गायब. काहीही न लिहिता कळेल.

हाक पृथ्वीवरून येणार असेल तर आणखी एक. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तिथलं इथे दिसायला १.३ सेकंद, आणि 'थांब' तिथे पोचायला पुन्हा १.३. तोवर हात सुटलेला असतो.

टाक_आणि_ब्रश
भौतिकीचं वर आलंच आहे, मी पानांबद्दल लिहितो. छापील अंकात सम क्रमांकाचं पान डावीकडे येतं, म्हणजे पान उलटल्यावर आधी तेच दिसतं (मध्ये जाहिरातीचं पान घुसणार नसेल तर). म्हणून १७वं पान सहा समान चौकटींचं ठेवा आणि शेवटच्या चौकटीत फक्त मूठ. १८व्यावर एकच मोठं चित्र. १९व्यावर चौकटी तिरक्या, त्यांच्यामधली जागा कमी होत जाणारी, आणि पार्श्वभूमी एकेक करून काढून टाका: आधी तारे, मग पृथ्वी, मग साथीदारीण. शेवटी फक्त शत्रू उरतो. २०व्यावर सगळं एकदम परत येतं आणि ती जखमी दिसते. लाल रंग तोपर्यंत राखून ठेवा, नाहीतर तिथे त्याची किंमत राहत नाही.

बाहेरच्या दृश्यात ध्वनिशब्द नकोत. आवाज हेल्मेटच्या आत: श्वास, रेडिओची खरखर. बूट खडकाला टेकलेला असेल तर हादरा अंगातून जाणवतो, तो मात्र दाखवता येईल. किंकाळी रेडिओवरून दुसऱ्यांच्या कानात, तीही मध्येच तुटलेली.

अक्षरलेखनात इथे हमखास चूक होते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून ओरडणं जाडी आणि आकारावरच उभं करावं लागतं. रोमन मजकुरासाठी आखलेल्या फुग्यात मराठी ओतलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. दोन ओळींत अंतर जास्त सोडा. किंकाळी लांबवायला 'आऽऽऽ' असं लिहा. अक्षरं ताणून सुटी केलीत तर शिरोरेघ तुटते आणि शब्द वाचताच येत नाही.

शिरा काढण्यापेक्षा सावली वापरा. हवा नसल्यामुळे प्रकाश विखुरत नाही, उन्हाकडची बाजू झगझगीत आणि दुसरी जवळपास पूर्ण काळी. अर्धा चेहरा शाईत जाऊ द्या. ऊर्जेसाठी अमेरिकन कॉमिक चित्रकार जॅक कर्बीच्या पद्धतीचे काळे ठिपके चालतील, पण एकाच मापाचे आणि सारख्या अंतरावर काढलेत तर गोवर उठल्यासारखं दिसतं. तीन-चार मापं घ्या, एकमेकांवर चढवा, कडेकडे लहान करत न्या.

शाईदौत
१७ ते २० जुळलं. आता २१ आणि २२: ती हाक मारते, तो भानावर येतो. एवढंच आहे.

कक्षा_नऊ
एका हाकेत शांत करू नका. कारण संपलं तरी अंगातलं ॲड्रेनलिन लगेच ओसरत नाही, धडधड आणि थरथर काही मिनिटं राहते. २१व्यावर तो तिच्या सूटचं भोक बुजवायला जातो आणि ठिगळ बोटांत धरताच येत नाही. ती त्याचा हात बाजूला करून ते स्वतः लावते. भोक लहानच ठेवा: सूटमधली हवा पूर्ण गेली तर १० ते १५ सेकंदांत शुद्ध हरपते, मग तिला ठिगळ लावताच येणार नाही. माफीचा संवाद २२व्या पानावर कोंबू नका. पुढचा अंक काढणार असाल तर तिने त्याच्याबरोबर लढायला नकार द्यावा, ते प्रकरण तिथे नीट उलगडता येईल.