'क्लायमेट जस्टिस'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

सुपारीवाडी
मंडळी एक शब्द अडलाय. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय, विषय पर्यटन आणि हवामान बदल, आणि त्यात दर दोन पानांनी 'क्लायमेट जस्टिस' येतं. मी सरळ 'हवामान न्याय' लिहून आत्याला वाचायला दिलं (तिच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना देते), तर ती म्हणते हे काय गं, हवामान खात्याचं कोर्ट? हसू नका, तिचं बरोबरच आहे. काहीतरी सुचवा.

कानामात्रा
सरकारी शब्द 'वातावरणीय' आहे, आपल्या राज्याच्या खात्याचं नावच 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग'. त्या हिशोबाने 'वातावरणीय न्याय'. 'जलवायू' मात्र कृपया नको, ते हिंदीतून आलंय. अडचण अशी आहे की मराठीत उद्या पाऊस पडेल का तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरीही हवामानच, त्यामुळे आत्यांना खातं आठवलं त्यात नवल नाही.

फुकटफौजदार
'वातावरणीय न्याय' वाचून मला तर सभागृहात वातावरण तापलं वगैरे आठवलं. पण माझ्या मते गोची पहिल्या शब्दात नाहीये, 'न्याय'मध्ये आहे. आपल्याकडे न्याय म्हटलं की कोर्ट, तारीख, वकील. इथे म्हणायचंय ते एवढंच की धूर एकाने केला आणि डोळे चुरचुरतायत दुसऱ्याचे. म्हणजे 'खाई त्याला खवखवे' हे जिथे लागू होत नाही ती अवस्था. खाणारा खाऊन गेला आणि खवखव शेजाऱ्याला. आणि प्रवासाच्या धंद्यात तर हे आकड्यातच दिसतं, २०१८ साली जगातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या धुरातला निम्मा वाटा १ टक्का लोकांचा, असा अभ्यास आहे. बाकीच्यांनी विमान खालून पाहिलं.

सुपारीवाडी
हे आत्याला लगेच कळेल! निसर्ग वादळात (३ जून २०२०) तिची वाडी आडवी झाली, रोठा सुपारीची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली होती. ती आजवर एकदाही विमानात बसलेली नाही.

उत्तरध्रुवी
स्टॉकहोमहून लिहितोय म्हणून थोडं विषयांतर. इथे 'फ्लीगस्काम' असा शब्द आहे, फ्लीग म्हणजे उड्डाण, स्काम म्हणजे लाज. २०१८-१९ला सगळ्यांच्या तोंडी होता, हवामानासाठी आंदोलन करणारी इथली ग्रेटा थुनबर्ग बोटीने न्यूयॉर्कला गेली तेव्हा तर फारच. त्याला जोड म्हणून 'टोगस्क्रित', म्हणजे आगगाडीने गेल्याची फुशारकी. मी मराठीत 'विमानलाज' करून पाहिलं पण बायको म्हणाली लाज ही चारचौघांत वाटते, तुला जे होतं (दरवर्षी पुण्याला येतो ना आम्ही, चौघं जण) ती टोचणी आहे. लाज बाहेरून, टोचणी आतून. मला तिचं पटलं. आता तो शब्द इथे फार ऐकू येत नाही, २०१८ला लावलेला विमानप्रवासावरचा करसुद्धा २०२५ला काढून टाकला.

फुकटफौजदार
आणि त्या टोचणीवर मलम म्हणून तिकिटाबरोबर थोडे जास्तीचे पैसे भरून कुठेतरी झाडं लावायची, 'कार्बन ऑफसेट'. त्याला माझा शब्द तयार आहे, 'प्रायश्चित्त'. करून करून भागले आणि देवपूजेला लागले.

कानामात्रा
प्रायश्चित्तात निदान पाप कबूल करावं लागतं हो.

आता एक महत्त्वाचं, सुपारीवाडीताई तुमच्या पुस्तिकेत 'लॉस अँड डॅमेज' (म्हणजे हवामान बदलामुळे गरीब देशांचं जे नुकसान होतं ते) येत असेलच, तिथे जपून. पेपरात त्याला सर्रास 'नुकसानभरपाई' लिहितात. 'हानी' संस्कृत, 'नुकसान' मूळ अरबी, अर्थ जवळजवळ एकच, म्हणून 'हानी आणि नुकसान' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं एकच गोष्ट दोनदा सांगतायत, आणि मग कोणीतरी पुढे 'भरपाई' चिकटवून वाक्य सरळ करतं. पण भरपाई हाच तो शब्द आहे जो श्रीमंत देशांनी मुद्दाम बाहेर ठेवला! २०१५च्या पॅरिस करारासोबतच्या ठरावात स्पष्ट आहे की करारातल्या लॉस अँड डॅमेजच्या कलमावरून कोणावर दायित्व येत नाही आणि भरपाईही मागता येणार नाही. २०२२ला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत (ते स्वतःच समुद्रकाठचं टुरिस्ट गाव) त्यासाठी निधी काढायचं ठरलं तरी ती मदतच, देणं नव्हे. म्हणजे आपण भाषांतरात नकळत त्यांना कर्जदार करून टाकतो. मला वैयक्तिक आनंदच होतो, पण चूक ती चूक.

सुपारीवाडी
अरे बापरे, मी चार ठिकाणी नुकसानभरपाई लिहिलंय. आणि कोकणात तर हा शब्द अजूनच दुखरा आहे. निसर्गनंतर बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, पण आमच्याकडे हेक्टर कोणाकडे असतो? वाड्या गुंठ्यांच्या. गुंठ्याला ५०० रुपये पडले, आणि सुपारी नव्याने लावली तर हाताशी यायला पाच-सात वर्षं. आत्या अजून म्हणते, भरपाई नाही, ती दक्षिणा होती.

फुकटफौजदार
'मदत' आणि 'भरपाई' यातला फरक आत्यांनी एका शब्दात सांगितला की.

आडवातिडवा
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून विचारतो. आत्यांच्या खोल्यांत एसी आहेत ना? शनिवारी पुण्या-मुंबईच्या मोठ्या गाड्या दारात लागतात ना? मग यात चोर कोण आणि संन्यासी कोण? मालदीवचंही तेच, २००९ला त्यांच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन जगाला दाखवलं की आम्ही बुडतोय, बरोबरच होतं, ऐंशी टक्के बेटं समुद्रापासून मीटरभरही वर नाहीत. पण तिथले टुरिस्ट काय पोहत येतात? सगळी कमाई विमानांवर.

सुपारीवाडी
दोन खोल्यांत एसी आहेत, पार्टी फोनवर पहिलं तेच विचारते. नाही म्हटलं की शेजारी जाते. तुम्ही म्हणताय ते खरंय पण त्यामुळे शब्द बदलतो असं मला नाही वाटत, उलट अडकतो. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं.

उत्तरध्रुवी
आडवातिडवा, फरक प्रमाणाचा आहे हो. आत्यांच्या एसीचं बिल निदान त्यांच्या नावावर येतं. आमचं विमान स्टॉकहोमहून निघालं की त्याचा धूर ना स्वीडनच्या बेरजेत ना भारताच्या, आंतरराष्ट्रीय उड्डाणं वेगळ्या रकान्यात मांडतात आणि देशाच्या एकूण आकड्यात धरतच नाहीत. बेवारस धूर.

आडवातिडवा
'बेवारस धूर' चांगलाय, उचलतो.

कानामात्रा
मूळ प्रश्नावर येऊ. 'हवामान न्याय' हा शब्द आता बराच रुळलाय, तोच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ सोडवून लिहा. 'न्याय'ऐवजी 'न्याय्य वाटा' चालेल का? ओझ्याचाही वाटा येतो आणि पैशाचाही.

सुपारीवाडी
'वाटा' आवडला, वाडीच्या वाटण्या सगळ्यांनी पाहिल्यात. रात्री आत्याला वाचून दाखवलं: 'हवामान न्याय, म्हणजे ज्याने जास्त धूर केला त्याने जास्त भार उचलायचा, आणि ज्याची वाडी पडली त्याला त्याचा वाटा मिळायचा.' तिने विचारलं, मिळायचा म्हणजे मिळतो की मिळायला पाहिजे? मग 'मिळायला पाहिजे' केलं. लॉस अँड डॅमेजला 'झालेली हानी' एवढंच ठेवतेय, भरपाई चारही ठिकाणची काढली.

आता 'कॅरिंग कपॅसिटी' राहिलंय, म्हणजे किनाऱ्याला किती माणसं झेपतात ते.

फुकटफौजदार
तुम्हीच लिहिलंत की. 'झेप'.

कानामात्रा
झेप म्हणजे उडी! 'धारणक्षमता' लिहा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.